आडवे होण्याची अट

वार्धक्य नेमके कोणत्या दिवशी सुरू होते, याविषयी धर्मशास्त्र, वैद्यकशास्त्र आणि शेजारपाजार यांच्यात एकमत कधीच नव्हते. परंतु या मतभेदात खरी भर घातली ती भारतीय शासनव्यवस्थेने, कारण तिच्या प्रत्येक खात्याने म्हातारपणाची स्वतःची स्वतंत्र रेघ आखून ठेवली आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यानुसार माणूस ६० व्या वर्षी ज्येष्ठ होतो. प्राप्तिकर खाते त्याला ६० व्या वर्षी ज्येष्ठ आणि ८० व्या वर्षी अतिज्येष्ठ मानते. एसटी ६५ व्या वर्षापासून त्याच्याकडून निम्मे भाडे घेते आणि ७५ पूर्ण झाल्यावर काहीच घेत नाही. आणि रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची तिकीट-सवलत थांबवल्यापासून तिच्या हिशेबी या देशात कोणी म्हातारे होतच नाही. आरोग्याच्या बाबतीत केंद्र शासनाने ही रेघ ७० वर नेली आहे. त्यामुळे ६८ वर्षांचे गृहस्थ एसटीत ज्येष्ठ म्हणून बसतात, तालुक्याच्या गावी उतरतात आणि आयुष्मान कार्डाच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत पुन्हा तरुण झालेले असतात.

ज्या कार्डासाठी ते टेबल गाठायचे, त्याचे नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीला, ते सुरू झाले. धन्वंतरीचे पूजन आणि धनाचे पूजन एकाच तिथीला ठेवणाऱ्या पूर्वजांना रुग्णालयाच्या बिलाची कल्पना असली पाहिजे, असा संशय यावा इतका हा योग नेमका जुळला. मूळ आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना त्याआधी सहा वर्षे, २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झाली होती आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देण्याचे तिचे आश्वासन होते. मात्र कुटुंबे निवडली गेली ती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेच्या यादीतून, म्हणजे जो माणूस २०११ नंतर गरीब झाला त्याने गरीब होण्यास उशीर केला, एवढाच त्याचा अर्थ. वय वंदना कार्डाने हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला. वय ७० पूर्ण असले की उत्पन्न कितीही असो, तहसीलदारांचा दाखला नको, यादीत नाव नको. पेढीचे मालक आणि त्याच पेढीवर पोती वाहून वाकलेले हमाल हे दोघे या एका कागदावर प्रथमच समान झाले.

लोकांच्या तोंडी या व्यवस्थेला सरसकट विमा म्हटले जाते. विम्यात ज्याला संरक्षण हवे तो हप्ता भरतो आणि कंपनी जोखीम घेते. येथे लाभार्थ्याने काहीच भरायचे नसते, आणि पैसा केंद्र व राज्य मिळून देतात. काही राज्ये मध्ये विमा कंपनी ठेवतात. काही राज्ये स्वतःच्या संस्थेमार्फत रुग्णालयांची बिले भागवतात, आणि त्या रीतीला हमी पद्धत म्हणतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर या भेदाची चर्चा अतिशय जोरात चालते, परंतु तिचा निष्कर्ष बहुधा असा निघतो की पैसे सरकारचे आहेत आणि म्हणून ते लवकर वापरून टाकावेत.

येथेच पहिला गैरसमज मूळ धरतो, आणि तो असा की ५ लाख रुपये कोणाच्या तरी खात्यात जमा होणार आहेत. ते होत नाहीत. ही रक्कम म्हणजे खर्चाची वार्षिक मर्यादा. उपचार झाले तर त्या मर्यादेपर्यंतचे पैसे थेट रुग्णालयाला मिळतात, न झाले तर वर्ष संपताच ती मर्यादा संपते आणि पुढच्या वर्षी नव्याने, शिल्लक न जोडता, पुन्हा ५ लाखांपासून सुरू होते. विजेचा दिवा उगाच जळत राहिला तरी ज्याला झोप लागत नाही, त्या मराठी मध्यमवर्गीय मनाला वर्षभर धडधाकट राहून ५ लाख फुकट घालवल्याची जी हळहळ वाटते, तिची नोंद कोणत्याही आरोग्य अहवालात होत नाही.

दुसरी गोष्ट दांपत्यजीवनाशी निगडित आहे. ही मर्यादा माणशी नसून कुटुंबाला आहे, म्हणून पती व पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून वापरायचे असतात. आधीपासूनच प्रधानमंत्री योजनेत असलेल्या कुटुंबातील सत्तरीपुढच्यांना मात्र वेगळे, फक्त त्यांच्यासाठी राखलेले ५ लाख मिळतात, त्यात मुला-नातवंडांना वाटा नसतो. वाटणीच्या बाबतीत शासनाने वडीलधाऱ्यांची बाजू घेतल्याचे हे दुर्मीळ उदाहरण मानावे लागेल. परंतु पती-पत्नींमध्ये वाटणी कशी करावी याविषयी नियम मौन पाळतात. पन्नास वर्षे शेवटची पोळी, शेवटचा चहा आणि पंख्याखालची जागा यांवर ज्यांचे एकमत झाले नाही, त्यांनी यंदा हृदय कोणाचे आणि गुडघा कोणाचा, हे परस्पर सामंजस्याने ठरवावे, अशी अपेक्षा दिसते. बहुतेक घरांत पत्नी आपली शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलते; हे सामंजस्य नव्हे, पण शासकीय हिशेबात ते सामंजस्यच धरले जाते.

महाराष्ट्रात या सर्वांवर आणखी एक मजला आहे. राज्यात १९९७ पासून जीवनदायी आरोग्य योजना होती. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पुढे ती केंद्राच्या योजनेशी जोडण्यात आल्यामुळे रुग्णालयाच्या पाटीवर आता दोन्ही नावे पूर्ण लिहावी लागतात, आणि ते संयुक्त नाव दम्याच्या रुग्णाला एका श्वासात म्हणता आले तर त्याला दाखल करून घेण्याची गरज नाही, असे खुशाल समजावे. २०२३ मध्ये राज्याने या योजनेतील कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखांवरून ५ लाख केली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. पांढरी शिधापत्रिका हे मराठी घरातील एक विलक्षण साधन होते. तिच्यावर धान्य मिळत नसे, रॉकेल मिळत नसे, ती केवळ पत्ता सिद्ध करण्यासाठी कपाटात, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली असे. तिच्या अंगी औषधी गुण आहेत हे २०२३ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. शेजारच्या गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तेथे तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख, असा सरळ हिशेब ठेवला आहे, आणि शिधापत्रिकेच्या रंगाऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य विचारले जाते.

आता नावनोंदणीकडे वळणे भाग आहे, कारण ज्येष्ठ नागरिकाला ही योजना प्रथम भेटते ती रुग्णालयात नव्हे, तर सेवा केंद्रातील एका छोट्या यंत्रासमोर. वयाचा आणि ओळखीचा एकमेव पुरावा आधार कार्ड असल्यामुळे आधारवर जी जन्मतारीख तीच खरी, आणि या पिढीतील असंख्य मराठी माणसांची जन्मतारीख १ जून आहे. याचा अर्थ त्या काळी महाराष्ट्रात सर्व बालके १ जूनला जन्म घेत असा नसून, शाळेत नाव घालताना गुरुजी शाळेला सोयीची तारीख लिहून मोकळे होत, एवढाच आहे. घरातल्या थोरल्यांनी सांगितलेली ‘गांधीजी गेले त्या सालचा पोळा’ ही अचूक खूण कोणत्याही संगणकात भरता येत नाही. गुरुजींनी ज्याचे वय दोन वर्षे वाढवून लिहिले त्याला आज कार्ड दोन वर्षे आधी मिळते. ज्याचे कमी करून लिहिले त्याला नोकरी दोन वर्षे जास्त मिळाली होती, तेव्हा त्याने तक्रार करू नये.

तारीख जुळली की अंगठ्याची पाळी येते. केंद्रावरचा मुलगा आपुलकीने म्हणतो, “आजोबा, अंगठा ठेवा. सरळ. थोडा दाबा. एवढा नका दाबू.” यंत्र लाल दिवा दाखवते. मग अंगठा सदऱ्याला पुसला जातो, ओल्या फडक्याने पुसला जातो, तर्जनी लावली जाते, डाव्या हाताची मधली लावली जाते, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक आपापल्या बोटांकडे काळजीने पाहू लागतात. ज्या हातांनी चाळीस वर्षे औत धरले किंवा भांडी घासली, त्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त काम केले त्याचीच ओळख यंत्राला सर्वांत कमी पटते. त्यावर उपाय म्हणून ओटीपी, म्हणजे मोबाइलवर येणारा काही अंकांचा आणि काही मिनिटांचा परवलीचा आकडा, उपलब्ध आहे. तो आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाचा असतो. मुलगा फोन उचलत नाही, आणि उचलतो तेव्हा म्हणतो, “बाबा, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय?” तोवर आकड्याची मुदत संपलेली असते.

शेवटचा मार्ग चेहऱ्याच्या पडताळणीचा. त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसून डोळ्यांची उघडझाप करावी लागते, कारण समोर जिवंत माणूस आहे, छायाचित्र नव्हे, अशी यंत्राची खात्री पटावी लागते. “आजी, डोळे मिचकवा,” असे एक अनोळखी तरुण भर गर्दीत म्हणतो, तेव्हा ज्या कृतीपासून दोन घराण्यांनी तिला सत्तर वर्षे कसोशीने जपले ती कृती शासकीय कामासाठी करावी लागत असल्याचे पाहून आजी पदर सावरते आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेते. निवृत्तिवेतनधारकांना हा प्रकार अनोळखी नाही. ते दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करतातच. येथे फक्त आपण म्हातारे असल्याचेही सिद्ध करावे लागते, आणि ज्या गोष्टीविषयी आरशाला, गुडघ्यांना आणि नातवंडांना तिळमात्र शंका नाही, तिच्याविषयी सर्व्हर मात्र बराच वेळ विचार करतो.

कार्ड हाती आले की योजनेचा खरा स्वभाव कळू लागतो, आणि तो एका वाक्यात सांगायचा तर असा की ती माणसाला आडवा झाल्यावरच ओळखते. तिच्या उपचारांची यादी लांबलचक आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील औषधोपचार, डायलिसिस, मोतीबिंदू, सांध्यांचे प्रत्यारोपण हे सर्व तीत आहे, आणि प्रत्येकासाठी ‘पॅकेज’, म्हणजे खाट, औषधे, तपासण्या आणि जेवण धरून ठरवलेली एकरकमी किंमत आहे. पूर्वीपासून असलेल्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे जेथे माणूस आपल्या पायांनी जातो, डॉक्टरांशी बोलतो आणि चिठ्ठी घेऊन परत येतो, तो या यादीबाहेर आहे. प्रधानमंत्री योजनेत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच औषध-तपासण्यांचा खर्च धरला जातो. सोळाव्या दिवशी रक्तदाबाची गोळी पुन्हा रुग्णाच्या स्वतःच्या खिशातून निघते.

म्हातारपण मात्र बहुतांशी उभ्याने, फार तर बसून काढले जाते. साखर, रक्तदाब, थायरॉइड, पाठदुखी, रात्री तीनदा उठणे, जिना चढताना लागणारा दम, या गोष्टींसाठी कोणी दाखल करून घेत नाही आणि त्यांचे बिल दर महिन्याला औषधांच्या दुकानात येते. योजनेला गुडघा बदलता येतो, तो शेकता येत नाही. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र या तीन वस्तूंवाचून ज्येष्ठ माणसाचा दिवस उजाडत नाही, तरी रोजच्या वापराच्या या वस्तूंसाठी ते ५ लाख उपयोगी पडत नाहीत. उभ्या असलेल्या ज्येष्ठाला ऐकू यावे ही गरज अजून आपत्ती मानली गेलेली नाही. या उणिवेवर महाराष्ट्रापुरता एक उतारा आहे आणि तो पांढऱ्या सदऱ्यांना ऐकायला आवडत नाही: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत उपचार विनामूल्य आहेत. ज्यांना ५ लाखांचे कार्ड हवे असते त्यांना त्या रुग्णालयाच्या बाकावर बसायचे नसते, ही मात्र शासनाची चूक म्हणता येणार नाही.

उभ्या माणसाला ओळखणाऱ्या योजना देशात नाहीत असे नाही. त्या फक्त नोकरी पाहून ओळखतात. १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली केंद्र सरकार आरोग्य योजना, जिला सर्वजण सीजीएचएस म्हणतात, ती केंद्राच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतील आपल्या दवाखान्यांतून रोजच्या गोळ्याही देते. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आजन्म चालते, आणि रुग्णालयात खोली कोणती मिळायची हे आजाराच्या गांभीर्यावर नव्हे तर मूळ वेतनावर ठरते. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. या दोन्हींतील लोकांना वय वंदना कार्ड हवे असेल तर दोहोंपैकी एक निवडावे लागते, आणि ज्याच्याजवळ सीजीएचएसचे कार्ड आहे त्याने ते सोडून रांगेत उभे राहणे म्हणजे भरल्या ताटावरून उठून पंगतीला जाण्यासारखे होय. कामगार राज्य विमा योजनेची गंमत वेगळीच आहे: तीत किमान पाच वर्षे असलेल्या आणि वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसह जोडीदाराची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, आणि त्याला वय वंदना कार्डही घेता येते, म्हणजे कागदोपत्री सर्वांत सुरक्षित म्हातारा तोच. हे ज्यांना ठाऊक आहे अशा निवृत्त कामगारांची संख्या फार नसावी, कारण १२० रुपयांच्या सोयीची जाहिरात करणे कोणालाच परवडत नाही. घर सांभाळलेली स्त्री, शेतमजूर, टपरीवाला, धुणीभांडी करणारी बाई यांना मात्र गोळीसाठी नोकरीचा दाखला नसल्यामुळे आधी आडवे व्हावे लागते.

रुग्णालयाच्या दारात या सर्व ज्ञानाची परीक्षा होते. तेथे ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसलेला असतो; कागद पाहणे, नाव जुळवणे आणि उपचाराला पूर्वमंजुरी मागणे हे त्याचे काम. सर्वच खासगी रुग्णालये योजनेत नसतात; जी असतात त्यांना योजनेच्या भाषेत अंगीकृत रुग्णालये म्हणतात, आणि त्यांतही एखादे केवळ हाडांसाठी, एखादे केवळ डोळ्यांसाठी अंगीकृत असते. शिवाय काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले असतात. त्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकाला मिळणारे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात निरुपयोगी असू शकते: योजना आहे, रुग्णालय आहे, खाट आहे, पण हा आजार येथे नाही. ज्येष्ठांनी आजारी पडण्यापूर्वी जवळचे रुग्णालय कोणत्या अवयवापुरते अंगीकृत आहे याची चौकशी करून त्या अवयवात आजार आणावा, एवढीच काय ती सोय उरते.

खासगी विम्याचा पर्याय वयाबरोबर महाग होत जातो. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून प्रवेशाच्या वयाचे बंधन काढले, आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी आपला सल्ला घेणे कंपन्यांना भाग पाडले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला. तरीही ७६ वर्षांच्या माणसाला त्याच्या जुन्या मधुमेहासाठी तीन वर्षे थांबा असे सांगणे, हा आशावाद विमा व्यवसायातच संभवतो.

ज्यांची मुले न्यू जर्सीत आहेत त्यांना परदेशी तोडगा सुचतो, पण तोही चालत नाही. वय वंदना कार्ड भारताच्या सीमेवर संपते, आणि अमेरिकेची मेडिकेअर योजना, जी १९६५ च्या कायद्याने आली आणि मुख्यतः ६५ व्या वर्षापासून मिळते, तिच्यासाठी कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परकीयालाही सलग पाच वर्षे तेथे राहावे लागते. ती ए, बी, सी, डी अशा चार भागांत विभागलेली असून, तिच्या मूळ भागांत दातांचे नेहमीचे उपचार, चष्मा आणि श्रवणयंत्र बसत नाहीत; म्हणजे जगातील दोन मोठ्या लोकशाही राष्ट्रांचे कवळीविषयी एकमत आहे.

सत्तरी गाठलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी एवढे मात्र करावे: आधारवरील नाव व जन्मतारीख तपासावी, आधारला घरातच असणारा मोबाइल क्रमांक जोडावा, आणि ज्येष्ठ मंडळी हिंडती-फिरती असतानाच कार्ड काढून घ्यावे, कारण अतिदक्षता विभागात डोळ्यांची उघडझाप करून दाखवणे अवघड जाते. कार्डाला शुल्क नाही. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.